वेळेवर निघालेली मिरवणूक

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे चहा खाली ठेवून सुरू करतो. कारण असा घोटाळा अख्ख्या पिंपरीत आजवर एकाच माणसानं केलाय आणि तो तुमच्यापुढं बसलाय!

आमच्या वस्तीत नुसतं 'जयंती' म्हटलं की कोणाची, हे कोणी विचारत नाही. निळे झेंडे, पांढरेशुभ्र कपडे, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळी रस्त्यावर. पण आमच्या मिरवणुकीला एक खोड होती. तीनची वेळ दिली की निघायची सहाला. बँडवाले आले तर झेंडा सापडायचा नाही, झेंडा सापडला तर कमिटीचे अध्यक्ष सदाभाऊ दाढी करायला गेलेले!

मी कंपनीत टर्नर. अकरा वर्षांची नोकरी आणि एकही लेट मार्क नाही. कमिटीच्या बैठकीत मी सरळ उभा राहिलो.

"सदाभाऊ, यंदा झेंडा माझ्या हातात द्या. वेळ चुकली तर नाव बदलीन!"

"बबनराव, लय बोलू नका," सदाभाऊ म्हणाले.

"बोलतो ते करतो, भाऊ!"

खरं सांगू? हा सगळा आव आबांसाठी होता. आबा म्हणजे माझे वडील. ते गावीच राहायचे. त्यांना मी पत्रं लिहायचो, आणि पत्रात जरा... आता लिहायला बसलं की हात थांबतो का, राव? कंपनीत माझ्या शब्दाला वजन आहे, वस्तीत माझ्यामागं माणसं चालतात, असं बरंच काही लिहून बसलो होतो. एक दिवस गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं आबांचं उत्तर आलं: 'जयंतीला येतो. तुझ्यामागं किती माणसं चालत्यात ते डोळ्यानं बघतो.'

झाली का पंचाईत!

आबा आले. मी त्यांच्यासाठी नवे बूट आणून ठेवले होते. गावात चावडीपुढून जाताना आबांच्या पिढीला वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पुढं ते बंद झालं, पण कुठलंही मोठं दार दिसलं की आबांचा हात आपोआप पायाकडं जायचा. मला ते बघवत नसे.

"आबा, इथं मेन रोडच्या मधोमध चालायचं. बूट घालून! पायाची जुनी सवय मोडायची!"

"मोडतो की," आबा म्हणाले. "तू हायेस न्हवं शिकवाया."

मी आठ दिवस आधी रजा टाकली. रोज संध्याकाळी विहारापुढं तालीम घेतली. चार-चारची रांग, सरळ चाल, आणि नियम एकच. "पुढचा जाईल तिकडं मागच्यानं जायचं. पुढचा वळला की वळायचं. का, कुठं, कशाला, काही विचारायचं नाही!" खुद्द सदाभाऊंकडूनही मी हा नियम पाठ करून घेतला.

आणि जयंतीला मिरवणूक निघाली किती वाजता? बरोब्बर तीनला! बँडवाल्यांचासुद्धा विश्वास बसेना. मी पुढं झेंडा घेऊन, शेजारी आबा. पांढरं धोतर, नवा फेटा, पायात करकरणारे बूट. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक थांबले होते, आमच्यासाठी! माझा बाप रस्त्याच्या मधोमध मान वर करून चालत होता. ऊर भरून आला हो माझा, खोटं कशाला सांगू?

"किती हायेत रं मागं?" आबांनी विचारलं.

"तीनशे तरी असतील, आबा."

"सभेच्या मैदानात गेल्यावर मोजतो," आबा म्हणाले. आमचे आबा कच्च्या गुरूचे चेले नव्हेत.

आता नीट ऐका. आमच्या कंपनीचं गेट त्याच रस्त्याला, डाव्या हाताला. दुपारपाळीचा भोंगा तीन वीसला. दर वर्षी मिरवणूक तिथं पोचायची तोवर भोंगा कधीच होऊन गेलेला असायचा. यंदा आम्ही वेळेवर होतो ना! गेटसमोर माझा पाय पडला आणि, भोंऽऽऽ!

अकरा वर्षं, राव! तीच जागा, तोच आवाज. डोक्याला कोणी विचारलंच नाही, पाय वळले डावीकडं. पायांबरोबर मी, माझ्याबरोबर झेंडा, शेजारी आबा, मागं बँड, आणि त्यामागं चार-चारच्या रांगेत अख्खी वस्ती! का, कुठं, कशाला? कोणी एका शब्दानं विचारलं नाही. नियम कोणाचा होता? माझाच.

गेटवरचे हवालदार मिलिटरीतून रिटायर झालेले. रांग सरळ असली की तो माणूस काही विचारायचाच नाही. त्यांनी गेटची दोन्ही दारं उघडली आणि कडक सॅल्यूट ठोकला. मी रोजच्यासारखी मान हलवली, झेंडा डाव्या हातात घेतला, रॅकमधून माझं हजेरीचं कार्ड काढलं आणि पंचिंगच्या घड्याळात घातलं. खटक्!

त्या 'खटक्'नं मी जागा झालो.

शेजारी पाहिलं. एवढं मोठं दार बघून आबा सवयीनं वाकले होते, हात बुटापर्यंत गेला होता. पण तिथंच थांबला. आबा सरळ झाले, बूट पायातच.

मागून सदाभाऊंचा आवाज आला, "बबनराव, मैदान आत आहे का?"

मी तोंड उघडणार तोच ऑफिसातून लेबर ऑफिसर धावत आले. आवारात झेंडा, बँड, तीनशे माणसं! त्यांना दुसरं काय वाटणार? मोर्चा!

"शांततेनं बोलू या! मागण्या काय आहेत तुमच्या?"

आता 'चुकून वळलो' म्हणायला कोणाची जीभ रेटेल? तेही आबांसमोर? मी छाती काढली.

"मागण्या ना, साहेब? मागण्या अशा आहेत की..."

आबा पुढं झाले. "सायेब, पानी द्या. माणसं उन्हातनं आल्यात."

"पाणी?"

"व्हय. पोरास्नी आदी."

"आणखी काय?"

"आनखी काय न्हाई."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कँटीन उघडायला लावलं. बाया, पोरं, बँडवाले, सगळे पाणी प्याले, वर चहा झाला. गावात आबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. इथं साहेबांनी स्वतः ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. पाणी संपलं तरी आबा तो ग्लास बराच वेळ धरून होते.

मला लगेच हुशारी आली. "बघितलंत, सदाभाऊ? उन्हात पाण्याची सोय नको? मुद्दाम आणली मिरवणूक!"

"असं व्हय?" सदाभाऊ म्हणाले. "मग कार्ड कशाला पंच केलंत?"

मिरवणूक मैदानात पोचली, पण तासभर उशिरा. नाव बदलायचा शब्द सदाभाऊंनी पाळला. तेव्हापासून वस्तीत मला भोंगेराव म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो तर मेमो तयार! घरी आलो, आबांनी तो वाचायला लावला.

'सदर कामगार रजेवर असूनही दुपारपाळीस हजर झाला. त्यानंतर परवानगी न घेता झेंडा, बँड व सुमारे तीनशे इसम यांच्यासह आवार सोडून गेला. तरी खुलासा करावा.'

"पुन्यांदा वाच. त्ये तीनशेचं."

वाचलं. आबांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"आबा, अहो, मला खुलासा द्यायचाय!"

"दे की. कागद गावाला चाललाय. तुझ्यामागं तीनशे माणसं व्हती म्हून कंपनीनंच लिवून दिलंय."

मी असा फुगलो म्हणता! "मग? पत्रात लिहायचो ते खरं निघालं ना, आबा?"

"निघालं की," आबा बूट चढवत म्हणाले. "पर लेका, माझ्या पायाची सवय मोडाया निघाला व्हतास. आदी तुझं पाय तेवढं कंपनीतनं सोडवून आन."