कोंबड्याच्या नख्या

मी भित्रा माणूस, खोटं कशाला सांगू. येळ्ळुरात माझं वेल्डिंगचं दुकान आहे, ग्रिल आणि फाटकं करतो. उरल्या वेळात भंगारातल्या पत्र्यांचे पशुपक्षी जोडतो. कुणी शिकवलेलं नाही. हट्ट एकच, रंग लावायचा नाही. पत्र्यावर जुना जो रंग असेल तोच पिसांचा.

बेळगावच्या एका कॉलेजानं माझा पुरुषभर उंच कोंबडा प्रदर्शनाला नेला आणि फाटकाजवळच उभा केला. चार दिवस मी हवेतच होतो. पाचव्या दिवशी जेवताना बायकोनं, मी पहिल्या दिवशी काढलेला फोटो मोबाईलवर मोठा करून पुढं धरला.

"पायाला काय लावलाय तुमी? वाचा जरा."

नख्यांवर कन्नड अक्षरं होती, अर्धीमुर्धी कापलेली. कुठल्यातरी दुकानाची पाटी. पिवळा-लाल रंग आवडला म्हणून उचललेली, रंगाच्या नादात अक्षरं बघितलीच नाहीत. आमच्याकडं सीमाभागात मराठी-कन्नड पाट्यांवरनं डोकी फुटतात. त्यात हे कन्नड झेंड्याचे रंग, आणि ते पायाखाली घालणारा येळ्ळूरचा मराठी माणूस. चुकून झालं म्हणून कोण ऐकणार?

"रंग लावत न्हाय म्हणं," बायको म्हणाली. "आता लोकंच काळं फासतील तोंडाला. लई शाणं तुमी."

मी ताट तसंच सोडलं, अक्षरं घासून काढायला ग्राइंडर पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. वाटेत चार माणसं एकत्र दिसली की वाटायचं, माझ्यासाठीच जमलीत.

फाटकाजवळ कॉलेजची पोरं कोंबड्याचे फोटो काढत होती. मी समोरच्या चहाच्या गाड्यामागं थांबलो. चहा घेतला, पण डोळे फाटकावरच. पोरं गेल्यावर जाऊन वाकलो, तर नख्यांवर चिखल. वाळून घट्ट झालेला, बोटांनी फासलेला. एक अक्षर दिसत नव्हतं. पाऊस तर महिनाभर नव्हता. खाली अक्षरं आहेत का बघायला मी अंगठ्यानं खरवडायला लागलो.

"पुसू नगा, अण्णा."

मागं वॉचमन उभा होता. वयस्कर, कन्नड माणूस, मोडकं मराठी बोलणारा. "पहिल्याच दिवशी वाचलं मी. चिखल मीच लावलाय. कशाला उगंच भांडण."

हात जोडावेत, उपकार झाले म्हणावं, एवढंसुद्धा सुचलं नाही मला. मी त्याचा दंड धरला आणि विचारलं, "आनि कुनी वाचलंय काय?"