आमच्या साडूंचं इंटरनेट

सुरत शहरात इंटरनेट कोणी आणलं, असा प्रश्न कधी कोणी विचारलाच, तर बेधडक माझ्या साडूंकडे बोट दाखवा. नाव ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. ‘कोसाडच्या वसाहतीतले ते इंटरनेटवाले’ एवढं म्हटलं तरी त्या काळी रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. तसं शहरात त्याआधी इंटरनेट नव्हतं असं नाही. एक-दोन कॅफे निघाले होते, कॉलेजची मुलं तिथे तासाच्या बोलीवर जाऊन बसत. पण ते इंटरनेट भिंतीला तारेनं बांधलेलं. सकाळी बसला लोंबकळत पलसाण्याला कामावर जाणारं आणि संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन घरी परतणारं इंटरनेट एकट्या माझ्या साडूंच्या कमरेला होतं, अशी त्यांची खात्री होती. पुढेपुढे ती माझीही झाली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी कापडाच्या कामासाठी सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका डाइंगच्या कारखान्यात चिकटले ते तिथलेच झाले. रंगून तयार झालेला माल गाडीत चढवून मार्केटला रवाना करायचा, हे त्यांचं काम. मी बँकेतला, बदलीवर नाशिकहून आलेला. सुरतेत आमचं सगळं गणगोत म्हणजे हे साडू, माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, आणि त्यांच्याचकडे राहणाऱ्या आमच्या दोघांच्या सासूबाई. घरात अहिराणी, कारखान्यात गुजराती, बसमध्ये हिंदी आणि माझ्याशी बोलताना कमावलेली शुद्ध मराठी, अशा चार भाषांमधून साडू दिवसभर ये-जा करत. आणि नव्वदीचं दशक संपता संपता या चारही भाषांत त्यांना एकच विषय उरला. तो म्हणजे त्यांचा मोबाइल.

तेव्हा मोबाइल हीच मुळात शेठलोकांनी बाळगायची वस्तू. पण कंपनीने मोबाइलवर इंटरनेट दाखवायची सोय नुकतीच काढली होती आणि ती ज्या फोनांत चालायची त्यातला सगळ्यांत स्वस्त, दुकानदाराला नकोसा झालेला, वीट आणि साबणवडी यांच्या मधल्या आकाराचा एक फोन साडूंनी उचलला. तो स्वस्त होता हे त्यांनी कधी लपवलं नाही. उलट त्याचाच त्यांना अधिक अभिमान. “महागातलं कोणीही घेतं हो,” ते मला म्हणाले, “स्वस्तातलं चांगलं ओळखायला नजर लागते.” त्यांच्या शेठकडे पातळसा, चकचकीत, परदेशातून मागवलेला फोन होता, पण त्यात इंटरनेट नव्हतं. साडूंना ही गोष्ट कळल्याच्या दिवशी ते बसऐवजी रिक्षाने घरी आले. दुसऱ्या दिवशी शेठने त्यांना केबिनमध्ये बोलावलं, साडूंची वीट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, “पण आमां इंटरनेट क्यां छे?” साडू अदबीने म्हणाले, “शेठ, अंदर छे. बोलाववुं पडे.” आणि खरोखरच त्याला बोलवावं लागे. बटण दाबलं की फोन कुठेतरी नंबर फिरवायचा, पडद्यावर एक ठिपका पळत राहायचा, आणि पाहणाऱ्यांपैकी निम्मे पांगल्यावर हिरवट काचेवर काळ्या अक्षरांची एक ओळ उगवायची. चित्र नाही, रंग नाही. तेवढ्या वेळाचं बिल मात्र चालू असायचं. शेठ बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “सारुं छे.” कौतुकाचे हे दोन शब्द साडूंनी घरी येऊन इतक्या वेळा सांगितले, की सासूबाईंना वाटलं शेठने पगार वाढवला.

या इंटरनेटचा पहिला उपयोग साडूंनी हवामानासाठी केला. सुटीच्या दिवशी भर दुपारी वसाहतीच्या चौकात, घामाघूम अवस्थेत, ते फोन उघडत आणि जमलेल्यांना जाहीर करत, “सुरत. कडक ऊन.” लोक मान वर करून आभाळाकडे बघत आणि खरंच कडक ऊन असे. “बरोबर आहे की!” कोणीतरी म्हणे. साडू नम्रपणे फोन बंद करत. क्रिकेटच्या वेळी जरा पंचाईत व्हायची. पानवाल्याचा रेडिओ पुढे असायचा आणि साडूंचं इंटरनेट मागे. रेडिओवर आउट होऊन गेलेला फलंदाज साडूंच्या फोनात अजून चौकार मारत असे. पोरं हसली तर साडू शांतपणे म्हणत, “रेडिओवाला घाईत बोलतो. हे खात्री करून लिहितात.”

तोटे त्यांना माहीत नव्हते असं अजिबात नाही. ते स्वतःच बोटांवर मोजत मला तोटे सांगत आणि सांगता सांगता त्यांचे फायदे करून टाकत. बॅटरी दुपारपर्यंत उतरते, म्हणजे आत काहीतरी भक्कम काम चाललंय. अक्षरं बारीक आहेत, त्यामुळे नजर तेज राहते. वजन आहे, म्हणून चोराला पटकन पळवता येत नाही. सगळ्यांत मोठा तोटा असा, की आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. त्यामुळे साडू भेटेल त्याला आग्रहाने आपला नंबर देत आणि वर बजावत, “लिहून घ्या, पण करू नका.” आणि दुसरा तोटा रेंजचा. त्यांचं घर तळमजल्यावर. तिथे फोन मुका. बाहेर चौकातही धड नाही, बोलणं अर्ध्यावर तुटायचं. रेंज पक्की मिळायची ती फक्त इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून अमरोलीकडे तोंड केलं तर. त्यामुळे साडू जेवून उठले की चौथ्या मजल्यावर. “व्यायाम होतो,” ते म्हणत. फोनला ताईंनी कारखान्यातल्या नमुन्याच्या जांभळ्या कापडाची पिशवी शिवून दिली होती. ती पट्ट्याला अडकवून साडू बसमध्ये नेहमी डाव्या बाजूला उभे राहत, म्हणजे चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आधी इंटरनेट यावं.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे त्यांचा ई-मेलचा पत्ता. फोनमध्ये तो मिळतो म्हटल्यावर त्यांनी लगेच एक घेतला आणि कतारगामच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगती उठताना, माइक हातात घेऊन तो जाहीर केला. आहेराची नावं पुकारावीत तसा. पत्त्याच्या मधोमध येणाऱ्या त्या गोल चिन्हाबद्दल कोणी विचारलं तेव्हा म्हणाले, “तो ए-च आहे. फक्त अंगावर शाल घेतलीय.” आमचा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आखातात फिटरच्या नोकरीवर निघाला तेव्हा स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत साडू त्याच्याकडून पत्ता घोकून घेत होते. बाकीचे त्याला तब्येत सांभाळ, जेवत जा असं सांगत होते आणि साडू खिडकीला धरून चालता चालता विचारत होते, “शालीनंतर काय?” त्यानंतर ते रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन टपाल बघत आणि खाली येऊन सांगत, “आज काही नाही.” त्या काळात कोणीही त्यांना काही लिहिलं नाही, पण ‘आज काही नाही’ हे सांगतानाही त्यांचा चेहरा पोस्टमास्तरासारखा भरलेला असे. मी एकदा थट्टेने म्हटलं, “साडूभाऊ, रिकामी पेटी रोज कशाला उघडता?” ते म्हणाले, “पेटी आहे ना? मग उघडायला नको?”

त्याच हिवाळ्यात एका सकाळी रेडिओवर बातमी आली. आखातातल्या ज्या बंदरात आमचा मेहुणा कामाला होता, तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत मोठी आग लागली होती. नावं नाहीत, आकडे नाहीत, आग, एवढंच. आम्ही अमरोलीच्या एसटीडी बूथवर धावलो. बूथवाला पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होता आणि पुन्हा पुन्हा तीच परदेशी बाई, लाइन उपलब्ध नाही असं सांगत होती. दुसरा दिवसही तसाच गेला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं ते सारलंच. “तो जेवना का नही, माहीत नही, नि मी जेवू?” एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या. माझी बायको आणि ताई आलटून पालटून त्यांच्यापाशी बसत. आणि साडू गच्चीवर जात होते, खाली येत होते, परत जात होते. पिशवीतून काढलेला फोन हातातच होता. ‘आज काही नाही’ हे वाक्य त्यांनी त्या दोन दिवसांत एकदाही उच्चारलं नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी गच्चीवरून अशी हाक आली, की शेजारपाजारचीही दारं उघडली. “आलं! अरे, आलं!” मी आणि बायको धावत वर गेलो. मागून ताई. साडू टाकीला पाठ लावून, फोन डोळ्यांपाशी धरून उभे होते. मेहुण्याचंच टपाल होतं. पण इंग्रजी अक्षरांत. साडू एकेक अक्षर सुटं करून वाचू लागले. “एम, आय... मी. बी, ए, आर, ए... बारा. एस, एच, ई...” ते थांबले. “शी.” माझ्याकडे वळून म्हणाले, “शी म्हणजे?” मी बँकेतला इंग्रजीचा माणूस, म्हणालो, “शी म्हणजे ती.” “ती कोण? बारा कोण?” ताई रडायलाच लागल्या. बारा माणसं गेली की काय, अशी शंका मलाही चाटून गेली.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी धाप ऐकू आली. गुडघ्यांमुळे वर्षभरात उंबऱ्याबाहेर न पडलेल्या आमच्या सासूबाई कठड्याला धरून, एकेका पायरीवर बसत, चार मजले चढून आल्या होत्या. इंटरनेट खाली त्यांच्याकडे येऊ शकत नव्हतं, म्हणून त्या वर आल्या होत्या. कोणीतरी धावत जाऊन खुर्ची आणली. टेकता टेकता त्या म्हणाल्या, “काय म्हणस तो? जसं लिखेल शे तसंच वाचा.” साडूंनी पुन्हा वाचलं, “मी... बारा... शी...”

सासूबाईंनी डोळे मिटले. “बरा शे,” त्या म्हणाल्या. “मी बरा शे, म्हणस तो.”

पुढचं मग साडूंना घडाघडा वाचता आलं. अहिराणीच होती ती, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी, फक्त परक्या अक्षरांत. “मी बरा शे. शेजारना कारखानामा आग लागनी व्हती. फोन बंद शेतस. मायले सांगज्या, मी जेवनू. तू बी जेव.” गच्चीवर जमलेले लोक एकदम बोलू लागले, कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी मला मिठी मारली. माझी बायको हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. सासूबाई मात्र फक्त साडूंकडे पाहत होत्या. “आखो वाचा,” त्या म्हणाल्या. साडूंनी परत वाचलं. “आखो.” त्यांनी परत वाचलं. मिनिटं पळत होती, बिल चढत होतं. ताई हळूच म्हणाल्या, “अहो, बंद करा आता.” साडू म्हणाले, “चालू राहू दे.” मला त्या घडीला त्या माणसाचा जो अभिमान वाटला, तो मी आजवर दुसऱ्या कोणाबद्दल अनुभवलेला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत सगळ्या काउंटरांवर जाऊन मीच सांगत सुटलो, “माझे साडू! त्यांच्याकडे इंटरनेट आहे!” साडूंनी स्वतः ही हकिगत कधीही कोणाला सांगितली नाही. लग्नाकार्यात मी सांगायला लागलो की ते वाढप्यांकडे लक्ष द्यायला उठून जात.

त्या दुपारी वाचता वाचता बॅटरी संपली. काच काळी झाली. सासूबाईंनी फोन हातात घेतला, पदराने पुसला, कानाशी नेला आणि विचारलं, “आते कथा गया तो?”

एरवी ज्यांच्याकडे प्रत्येक तोट्याचं उत्तर तयार असे, ते साडू खुर्चीपाशी, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर, मांडी घालून बसले. “कोठेच गया नही, माय,” ते म्हणाले. “मन्हा ध्यानमा शे.” आणि त्यांनी ते सगळं टपाल तोंडपाठ म्हणून दाखवलं. सासूबाई खाली उतरल्या आणि जेवल्या.

पुढे मेहुणा सुखरूप येऊन गेला, परत गेला, तिकडेच रमला. फोन करायचा तो सणावाराला. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. पुष्कळदा संध्याकाळी, दिवा लावून झाला की, त्या जावयाला म्हणायच्या, “म्हणा ना ते.” साडू हातातलं काम ठेवून म्हणून दाखवत, न चुकता, न कंटाळता. त्या गेल्यावर तेराव्याला आम्ही दोघे साडू ओसरीवर बसलो होतो. मी विचारलं, “साडूभाऊ, आठवतं का अजून ते टपाल?” ते म्हणाले, “आठवतं ना.” आणि त्यांनी सुरुवात केली. आगीपर्यंत आले, फोन बंद असल्याचं सांगितलं. ‘मायले सांगज्या’ एवढं म्हणाले आणि थांबले. मग वाढप्यांकडे लक्ष द्यायला उठून गेले.