कापाची पोर

माझी मेव्हिस परवा रजेवर आली आणि अंडं तसंच ठेवून ताटावरून उठली. युद्धाच्या या दिवसांत आमच्या लिंकनशरमध्ये ताटातलं अंडं कुणी सोडत नाही. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

ती हवाई तळावर ट्रक चालवते. बॉम्बफेकी विमानांच्या पोरांना संध्याकाळी विमानापाशी पोचवायचं, पहाटे परतलेल्यांना आणायचं. चालवायला शिकली वडिलांच्या पावाच्या गाडीवर. वळणावर पाव सांडायची आणि वर गिऱ्हाइकालाच ऐकवायची, "पडला तरी पावच आहे की, काकी."

तळावर 'मेला' म्हणत नाहीत, 'कापला गेला' म्हणतात. हिवाळ्यात तिच्यासोबत फिरणारा वैमानिक डेस्मंड कापला गेला, उन्हाळ्यात त्याच्यानंतरचा रॉली. तेव्हापासून ती 'कापाची पोर', पांढऱ्या पायाची. तिच्या ट्रकात कुणी चढेना. मध्यंतरी एक तुकडी चिखल तुडवत पार टोकाला उभ्या विमानापर्यंत चालत गेली, आणि सुखरूप परतली. झालं, शिक्कामोर्तब.

चढतो तो एकटा सिरिल, विमानाच्या शेपटीतला बंदूकवाला. तिला म्हणाला, "सगळं श्रेय तूच घेतलंस तर जर्मन रुसतील की." त्याच्या सोबत्यांनी त्याला बजावलंय, एक तर ती, नाहीतर आम्ही.

निघताना मी तिला म्हटलं, "हा खुळचटपणा आहे, मेव्हिस. शिकल्यासवरल्या घरातली तू."

"मलाही तसंच वाटायचं, आई. रॉली जाईपर्यंत."

"मग सोड त्या सिरिलला."

"सोडलं. तरी येऊन शेजारी बसतो मेला." बुटांची नाडी बांधत, अगदी सहज म्हणाली, "त्याला काही झालं तर माझी वाट बघू नकोस."

"म्हणजे?"

"ट्रकांचे अपघात होतातच की, आई. आणि तळावर कुणाला बोललीस, तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

आज तिन्हीसांजेला विमानं आमच्या छपरावरून गेली. सिरिल त्यांत असणार. ती परततील तेव्हा मेव्हिस ट्रक घेऊन उभी असेल, मोजत.

मुलींवर देखरेख करणाऱ्या अधिकारी बाईंना सांगितलं, तर तिला भ्रमिष्ट ठरवून घरी पाठवतील. ती जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. घरी तर असेल.

बातमी फुटू नये म्हणून मोहिमेच्या दिवशी विमानं निघेपर्यंत तळाचा फोन बंद ठेवतात. आता लागेल. कोट चढवून कोपऱ्यावरच्या फोनपेटीकडे निघाले आहे. बाईंना एवढंच सांगायचं: पहाटेच्या आत तिला ट्रकावरून उतरवा, आणि एकटी सोडू नका.