दादाने टाइप केलेलं माझं नाव

दादा गेल्याचा फोन वहिनींनी केला, तेव्हा मी पोहे खात होतो. फोन ठेवला आणि प्लेट संपवली. दीड महिना झाला, अजून मला त्याची लाज वाटत नाही... का, ते ऐका.

नव्वदच्या दशकात आमची गिरणी आचके देत होती. मी विणकाम खात्यात, दादा कॉम्प्युटर रूममध्ये. कामावरून काढल्याच्या नोटिसा छापणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्याचीच. ज्यांना ठेवायचं त्यांची नावं तो स्क्रिप्टच्या आत लिहीत नसे. ती बाहेर, कॉम्प्युटर वेगळं लक्षात ठेवतो त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असत. प्रत्येक खात्याची एक ओळ, त्यात नाव, अपूर्णविराम, पाळी, मग पुढचं नाव. स्क्रिप्ट ती ओळ वाचून एकेक नाव सुटं करी आणि त्या माणसांची नोटीस गाळी. विणकामातून कुणालाच ठेवायचं नव्हतं, म्हणून ओळही नव्हती. दादाने मला शेजारी बसवून ती नवी केली. "देख भिया, हे तुझं नाव. अब टेन्शन मत ले." पडद्यावर नाव बघून माझे डोळे भरून आले हो! आमच्या स्नेहलतागंजात गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी नोटीस माझ्या हातात.

"गडबड झाली यार," दादा म्हणाला, "एक्स्पोर्ट करायचं राहिलं. त्याशिवाय स्क्रिप्टला ती ओळ दिसतच नाही." छापल्या नोटिसा साहेब मागे घेईना. दादा इतका रडला की मीच त्याची पाठ थोपटली. पुढे मी बेटमा गावच्या हाटात उन्हातान्हात परकर विकले आणि दादाने अन्नपूर्णा भागात कॉम्प्युटर क्लास काढला. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, माणूस आहे, चुकतो.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. दादाने नळी बाजूला केली.

"एक्स्पोर्ट मी विसरलो नव्हतो."

"मग?"

"साहेब म्हणाला होता, एका घरातला एकच. तू समोर बसलेला... काहीतरी टाइप करावं लागलं." मग विचारतो, चहा मिळेल का!

अहो, हा भाऊ की वैरी? सरळ म्हणाला असता, मी राहतो, तू जा, तर दोन दिवस भांडलो असतो, बस. पण माझ्याकडून पेढे वाटवले त्याने!

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. नातेवाईक एकेक वचन देऊन थकले. वहिनींनी हात जोडले, "भाऊजी, एवढंच म्हणा, माफ केलं." रडू येत होतं मला, खोटं का बोलू? सख्खा भाऊ होता. पण तोंड उघडलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं.

घरी येऊन मी पोटभर जेवलो.