थांब गो, एवढा डोळा होऊंदे

"थांब गो बाये, एवढा डोळा होऊंदे," असं तो म्हणायचा, ते स्वतःच्या खाजेला. हातात बारीक कुंचला, समोर पाटावर गणपती आणि कोपरावर उठलेली खाज. बुबुळाची रेघ पुरी होईपर्यंत तो दात आवळून बसे. मग कुंचला तोंडात धरून दोन्ही कोपरं अशी ओरबाडे, की बघणाऱ्याने मान फिरवावी. त्या काळात पेणच्या कारखान्यांतून तुम्ही हिंडला असाल, तर तुम्हीही फिरवली असेल.

आमच्या घरांची भिंत एक. सातवीपर्यंत शाळाही एक. पुढे मी शाळेत शिकवायला लागलो आणि तो मूर्तींची आखणी करायला, म्हणजे डोळे रेखायला. अंगाचा रंग पुष्कळजण देतात. डोळ्यांना स्थिर हात लागतो. त्या हातावरच तो उभा होता.

त्याचा आजार मी सौम्य करून लिहिणार नाही. कोपरं, गुडघे, पाठ, बसायची जागा, दोन्ही बाजूंना सारखे बारीक फोडांचे पुंजके उठत. तो ते खाजवून फोडायचा, मग रक्ताच्या खपल्या धरत. सदरा पाठीला चिकटायचा आणि सोडवताना चर्र आवाज यायचा. उपाय त्याहून घाण. गंधकाच्या मलमाचा वास भिंत ओलांडून माझ्या ताटापर्यंत येई. कुणी तंबाखूचं पाणी दिलं, कुणी करंजाच्या तेलात कालवलेली कसलीशी काळी राख. त्याची बायको भातलावणीला माहेरी, खांब गावी गेली, की पाठीला मलम चोपडायचं काम माझं. मी मान फिरवून चोपडायचो आणि त्याला ते कळायचं.

"मास्तर, श्वास धरून लाव. मी पण धरतो."

जो तो म्हणायचा, खरूज आहे. जो तो पथ्य सांगायचा : भात बंद, मासळी बंद. सुकट भाजल्याचा वास आला, की "कोण जेवतंय रे माझं?" म्हणून भिंतीपलीकडून ओरडणारा माणूस तो. त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी थापायचं सोडलं, रेशनचा गहू दळून आणला आणि त्याच्यासाठी चपात्या लाटायला शिकली. सकाळी चहात टोस्ट तर आधीपासूनच, आता रात्री दूध-चपाती. तो पथ्य पाळायचा. खाज वाढतच गेली. मग लोक म्हणायला लागले, चोरून मासे खात असणार.

कारखान्यात त्याचा कप वेगळा झाला. कान तुटलेला, मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. चहा ओतणारा वरून धार सोडायचा, किटली कपाला लागू नये म्हणून. त्याच्या पाठीची किळस आंघोळ केली की जायची. त्या कपाची अजून गेलेली नाही.

शेवटी मी त्याला एसटीत घालून रोह्याला नेलं. तिथे आठवड्यातून एकदा कातडीच्या एक डॉक्टरीण बसत. त्यांनी आधी त्याच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या.

"खरूज आधी इथे उठते, पण इथे काहीच नाही. घरात आणखी कुणाला खाजतं?"

"नाय. बायको एवढी जवळ, तिला कधी नाय."

"मग खरूज कशी असेल?" त्यांनी कोपरावरचा एक न फुटलेला फोड भिंगाने बघितला. "तुकडा काढून मुंबईला पाठवू. फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचाही हवा."

"वाईट एवढी पडल्येय, ती नेवा की! चांगली जराशीच उरल्येय."

त्या मोठ्याने हसल्या. त्याच्या अंगाला हात लावून कुणी हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तपासणीतून डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असं नाव निघालं. क्वचित आढळणारा आजार. एकाचा दुसऱ्याला होत नाही. गहू त्याच्या शरीराला सोसत नव्हता. "गहू पूर्ण बंद. चपाती, पाव, टोस्ट, बिस्किट, रवा, मैदा, काही नाही."

"मंग खाऊ काय?"

"भात. तांदळाची भाकरी. मासे."

तो खुर्चीत पुढे सरकला. "डॉक्टरीणबाय, परत एकदा बोला."

घरी बायको ऐकून चुलीपाशी बसून राहिली. "म्हणजे मीच घालत होते त्यांच्या अंगावर?" तो म्हणाला, "तुझ्या चपात्या अशा व्हायच्या, की मी निम्म्या मांजरीला घालायचो गो. म्हणून तर जगलो." ती रडता रडता हसली.

पथ्याचा गुण यायला महिने लागणार होते. तोवर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून गोळ्या दिल्या. आठवड्याच्या आत खाज थांबली, खपल्या गळाल्या. पण ही गोळी महारोगावरही देतात. "तुम्हाला तो नाही," असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. पेणच्या दुकानात गोळ्या घेताना मागे उभ्या असलेल्या कुणीतरी गोळीचं नाव वाचलं. तेवढं पुरलं.

गणपतीचं काम रंगात आलेलं. बाह्या दुमडून तो कारखान्याच्या शेठपुढे उभा राहिला. मी बरोबर होतो.

"बघा शेठ. एक डाग नाय."

"बघितलं रे. पण गोळी कसली खातोस ते सगळ्या पेठेला म्हाईत हाय. देवाचं काम हाय हे."

डॉक्टरांची चिठ्ठी मी पुढे केली. शेठने ती हातात घेतली नाही, नुसती मान तिरकी करून पाहिली. अंगभर फोड असताना त्याने काढलेले डोळे याच माणसाने विकले होते.

परतताना तो एवढंच म्हणाला, "मास्तर, आता 'थांब गो' कुणाला सांगू? खाजबाय गेली, डोळा पण गेला."

मग तो डोलवीच्या कंपनीत माल नेणारे ट्रक रंगवायला लागला. ट्रकच्या पाठीवर तो दोन डोळे काढायचा. ड्रायव्हर राक्षसाचे मागत. त्याच्या हातून गणपतीचेच उतरत.

पुढे छातीत कळ येऊन तो अचानक गेला. कातडी तेव्हा स्वच्छ होती. तरी आंघोळ घालायला आम्ही तिघंच पुढे झालो, बाकीचे अंगणात उभे.

तेराव्याला मात्र सगळे आले. आचाऱ्याने पुरी आणि खीर केली होती. "हात सोन्याचा होता," असं म्हणत शेठने पुन्हा पुरी मागून घेतली. मला समोरच्या पत्रावळीकडे बघवेना, म्हणून आत गेलो. आत त्याच्या नावाचं पान वाढत होते.

त्याच्या बायकोने वाढणारीचा हात धरला.

"पुरी नको वाढू गो त्यांच्या पानावर. परत खाज उठंल."