कागद नसलेली आर्डर

कचेरीच्या फाटकाशी कुणी आलं की तो आधी कमरेचा पट्टा सरळ करायचा आणि मग म्हणायचा, "आर्डर हाय." कसली, कुणाची, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. इंग्रजी अंमलात असा एखादा पट्टेवाला तुम्हीही पाहिला असेल. आमचा मूळचा रिठद गावचा.

आर्डर म्हणजे हुकूमच ना, म्हणून मी एकदा त्याला डिवचलं. त्याला ते मुळीच रुचलं नाही.

"हुकूम पाटीलबी सोडते, बाबूजी. पाया पडलं का तो फिरते. आर्डर कागदावर राह्यते. कागदाच्या पाया कोन पडन?"

एका उन्हाळ्यात साहेब दौऱ्यावर निघता निघता, विहिरीवर गर्दी नको, एवढंच बोलले. याने कचेरीची विहीर गावाला बंद केली. कागद निघालेला नाही, हे आम्हा कारकुनांना ठाऊक होतं. पण आवारात आयती शांतता झाली होती, मग सांगतो कोण? मीही गप्प बसलो.

गावातल्या, मळ्यांतल्या विहिरी आटल्या. त्याची धाकटी बहीण गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावायची. ती घागर घेऊन आली. सासू अंथरुणाला खिळली आहे, एकच घागर भरू दे, म्हणाली.

"आर्डर हाय, बाई," तो म्हणाला. सख्ख्या बहिणीला बाई. बाजाराला आलेली माणसं बघत होती. मी खिडकीशी लिहीत होतो, आणि माझ्या शेजारचा माठ त्याच विहिरीच्या पाण्याने भरलेला होता. लाज तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

भाऊबीजेला तो तिच्याकडे गेला आणि कोऱ्या कपाळाने परत आला.

पुढे नवे साहेब आले. विहीर कोणत्या आर्डरीने बंद आहे, असं त्यांनी विचारलं. कागद बाबूजीपाशी हाय, असं त्याने छाती काढून सांगितलं. मी अर्धा तास उगाच दप्तरं उलटीपालटी केली आणि मग कबूल केलं की कागद कधी नव्हताच. साहेब हसले. विहीर उघडली.

बाहेर त्याने मला गाठलं. "तुमाले ठावं होतं?"

मी मान खाली घातली.

"मंग चाला. तिले तुमीच सांगा."

गेलो. तिच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि भावाकडे पाहिलं.

"आन् कागद असता तं?"

वाटसरूपुढे ठेवतात तसा तिने पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आत निघून गेली.