पहिल्या ओळीतला श्री

शिराळ्याजवळच्या वाडीत रेश्मा सून म्हणून आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांखाली टायपिंगची सर्टिफिकेटं होती. ती कुणी बघितली नाहीत, तिनंही दाखवली नाहीत. नवरा धैर्यशील फौजेत, वर्षातनं एकदा सुट्टीवर येणार. घरात सासू मनुबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, आणि ती. पुढं बरीच वर्षं ती इस्लामपूरला एका क्लासात पोरांना टायपिंग शिकवायला जात होती. सकाळची एसटी धरायची, दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी आल्या आल्या म्हशीच्या धारेला बसायचं. मग मनुबाई गोठ्यात पाय घसरून पडल्या, खुब्यात सळी घालावी लागली, आणि रेश्माची एसटी सुटली ती सुटलीच. आत्यांना उठवायला, बसवायला, मोरीपर्यंत धरून न्यायला दुसरं होतं कोण?

घरी बसून करता येईल असं काम म्हणून तिनं प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. पुण्याची एक कंपनी गावाकडच्या बायकांना ऑनलाइन शिकवत होती, आणि शेवटी परीक्षा घेऊन काहींना घरूनच काम देणार होती. मराठी शाळेत शिकलेल्या रेश्माला इंग्रजी शब्द म्हणजे पावलापावलाला ठेच. तिच्यासारखीच ठेचकाळणारी एक जण त्या वर्गात भेटली, रहिमतपूरची अफसाना. दोघी कधी समोरासमोर आल्या नव्हत्या, पण फोनवर एकमेकींच्या चुका काढत शेवटपर्यंत आल्या. अफसानाची परीक्षा आधीच झाली होती. रेश्माची आज दुपारी. शेतांना पाणी देणाऱ्या पाणीसंस्थेच्या पाळ्या लावून देणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता, तो कंपनीच्या मॅडमसमोर उघडून, चालवून दाखवायचा. आज जमलं नाही तर पुढची परीक्षा कधी, आणि तोवर कंपनीत जागा राहील का, कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी आत्यांना चहा आणि गोळी देऊन, देवापुढं निरांजन लावून ती लॅपटॉपशी बसली, तर एडिटर उघडेना. एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहायचा ती वहीच म्हणा. चौकट यायची, राखाडी व्हायची, मधे गोल फिरत राहायचा आणि सगळंच थिजून जायचं. बंद करावं तर बंदही होईना. धैर्यशीलनं फौजेच्या कँटीनमधनं घेऊन दिलेला लॅपटॉप. बाकी सगळं त्यात नीट चालत होतं, हा एक एडिटर तेवढा अडून बसला होता. तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. परत लावला, परत तेच.

आतनं मनुबाईंनी हाक मारली, त्यांना कूस बदलायची होती. रेश्मानं त्यांना धरून वळवलं, पाठीमागं उशी सारली. काय बिघडलंय ते त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं.

"दम खाऊ दे की त्याला," मनुबाई म्हणाल्या. "मला उठिवताना तू न्हाई का दम खात?"

एरवी रेश्मा हसली असती. चिडायलाही अंगात जोर लागतो, आज तो नव्हता. तिनं भात लावला आणि अफसानाला फोन केला.

अफसानाकडं फोडणीचा आवाज येत होता. तिनं एकेक विचारत नेलं. एडिटरला बाहेरून जोडलेल्या ज्या छोट्या छोट्या सोयी असतात त्या सगळ्या बंद ठेवून तो उघडून बघ म्हणाली. रेश्मानं बघितलं, थिजला. मग काढून टाक आणि नवीन घाल म्हणाली. नवीन उतरवून घ्यायला घरात रेंज नव्हती, म्हणून रेश्मा लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. खाली भात करपल्याचा वास आला तेव्हा धावली, गॅस बंद केला, पुन्हा वर. शेवटी नवा कोरा एडिटर उतरला. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि उघडला. चौकट आली, राखाडी झाली, थिजली.

ती तशीच पायरीवर बसून राहिली. मॅडमना फोन करून आज जमत नाही सांगावं, दार लावून घ्यावं आणि झोपावं, असं तिला वाटायला लागलं. फोन कानालाच होता. अफसानानं विचारलं, काल काय बदललंस का? काही नाही, रेश्मा म्हणाली, डोळं दुखतात म्हणून अक्षरं तेवढी मोठी केली. कुठं केली? सेटिंगच्या फायलीत.

"ती फाईल एडिटर काढला तरी जात न्हाई," अफसाना सावकाश म्हणाली. "साध्या नोटपॅडमदी उघड बरं. वरची ओळ वाच."

रेश्मानं उघडली आणि वाचायची थांबली.

"ताई, हायस का?"

"श्री," रेश्मा म्हणाली.

काल संध्याकाळी देवाला दिवा लावून ती बसली होती. समोर फाईल उघडली, आणि बोटांनी आपोआप वर श्री लिहिला. कोऱ्या पानावर श्री लिहिल्याशिवाय अक्षर काढायचं नाही हे गुरुजींनी पहिलीत शिकवलेलं. प्रोग्राम लिहिताना ती श्रीच्या आधी दोन तिरप्या रेघा द्यायची, म्हणजे मशीन ती ओळ सोडून पुढं जातं. सेटिंगच्या फायलीला मात्र असलं काही चालत नाही. पहिल्याच ओळीला अडखळून एडिटर उभा राहिला होता.

अफसाना हसेल असं तिला वाटलं. ती हसली नाही.

"मी सातशे शहाऐंशी लिवलेलं," ती म्हणाली. "आमच्यात तसंच लिवत्यात. तवा वर्गातल्या सरांनी लय झापलं मला. पूस म्हणाले."

रेश्माचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. आजच्याच दिवशी, आणि आपल्याच हातानं श्री पुसायचा.

"पुसवत न्हाई गं."

"पुसू नको. कापून घे आन् दुसऱ्या फायलीत ठेव. मी तसंच केलेलं."

रेश्मानं नवी फाईल काढली. तो श्री उचलून तिच्यात ठेवला, ती फाईल डेस्कटॉपवर ठेवली. मग एडिटर उघडला. मोठ्या मोठ्या अक्षरांत तिचा प्रोग्राम समोर आला. तिनं अफसानाला सांगितलं. अफसाना म्हणाली, आता जरा तोंड धू आणि दोन घास खा.

खायला करपलेला भात होता. मनुबाईंनी वरचा वरचा खाल्ला आणि नावं ठेवली नाहीत.

दुपारी जिन्याच्या त्याच पायरीवरनं ऑनलाइन परीक्षा झाली. इंग्रजीत दोनदा अडकली, मग मॅडमच म्हणाल्या, मराठीत सांगा. प्रोग्राम चालला, पण दोन शेतकऱ्यांची पाळी एकाच वेळी आली तर काय, ते त्यात नव्हतं. तेवढं दुरुस्त करून सोमवारी पाठवा, मग पहिलं काम देते, असं मॅडमनी सांगितलं. रेश्मा हो म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त पाठ टेकावीशी वाटत होती, पण आत्यांना मोरीकडं न्यायची वेळ झाली होती.

"झालं का गं?" तिच्या खांद्यावर भार टाकत मनुबाईंनी विचारलं.

"थोडं राहिलंय, आत्या."

"मग आज न्हाई बसायचं त्याला," मनुबाई म्हणाल्या. "आज निजायचं."

सोमवारी निरांजन लावून झाल्यावर रेश्मानं आधी ती एका अक्षराची फाईल उघडली, हात जोडले, बंद केली. मग एडिटर उघडला.